तीन पायऱ्यांचा अडसर

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. राजीव रातुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवरील हा निकाल तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला होता. इमारती व वाहतूक अपंगांना सुलभ करण्याविषयीचे सरकारी नियम म्हणजे निव्वळ शिफारशी असून, सक्ती करणाऱ्या कायद्याखाली असे पाळले तर पाळले, न पाळले तर न पाळले अशा स्वरूपाचे नियम चालणार नाहीत, असा त्याचा आशय होता. दोनच दिवसांनी न्या. चंद्रचूड सेवानिवृत्त झाले. पुढे २०२५ च्या जुलैत त्यांच्या सरकारी निवासस्थानातील लांबलेल्या मुक्कामाचा प्रश्न वृत्तपत्रांत गाजला, तेव्हा आपल्या कुटुंबातील अपंग व्यक्तींच्या गरजांना योग्य असे घर शोधण्यास वेळ लागला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ऑगस्टच्या प्रारंभी त्यांनी ते निवासस्थान सोडले. त्या मुक्कामाच्या औचित्याचा वाद आम्हांला येथे उकरून काढावयाचा नाही. परंतु देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या, पैशाने आणि प्रतिष्ठेने संपन्न अशा गृहस्थाला राजधानीत चाकाची खुर्ची आत जाईल असे घर मिळण्यास महिने लागत असतील, तर पुण्या-मुंबईतील एखाद्या साध्या कारकुनाची अथवा शिक्षिकेची कथा काय असेल, हा विचार वाचकांच्या मनात आल्यावाचून राहू नये, अशी आमची इच्छा आहे.

ह्या प्रश्नाची ओळख आम्हांला न्यायालयाच्या निकालामुळे झाली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथील एक विद्यार्थी गेल्या वर्षी भेटावयास आला. मधल्या काळात एका अपघातात त्याच्या पाठीच्या कण्यास इजा झाली आणि तेव्हापासून तो व्हीलचेअर वापरतो. शिक्षण उत्तम, नोकरी उत्तम, स्वभाव पूर्वीसारखाच खेळकर. नाशिकहून पुण्यास बदली झाली म्हणून त्याला भाड्याचे घर हवे होते. त्याने दोन महिन्यांत सतरा घरे पाहिली. पाहिली म्हणजे काय, त्यांतील नऊ घरे त्याने रस्त्यावरूनच पाहिली! कारण आत जाण्याची सोय नव्हती. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' असे म्हटलेले असे, आणि लिफ्ट असेही. पण ती तीन पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत असे. एका जुन्या इमारतीत मागाहून बसवलेली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर थांबे. तेथून वर किंवा खाली अर्धा जिना उरेच. एक घर सर्व दृष्टींनी योग्य होते, परंतु न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जाईना. आणखी एक घर मिळत आले होते. घरमालक सज्जन होते, दारापुढे उतार करून घेण्यास त्यांची हरकत नव्हती, खर्च आमचा विद्यार्थी करणार होता. तेव्हा सोसायटीच्या कार्यकारिणीने कळविले की, उताराने एका मोटारीची जागा अडेल आणि उद्या हे गृहस्थ तेथे पडले-झडले तर जबाबदारी कोणाची? अखेर त्याला शहराबाहेर, कचेरीपासून सव्वा तासाच्या अंतरावर घर मिळाले. "सर," तो आम्हांला म्हणाला, "भाडं किती परवडेल, हे प्रत्येक जण मला विचारतो. पण दाराची रुंदी किती, हे एकालाही सांगता येत नाही."

ह्या एका वाक्यात संपूर्ण प्रश्न सामावलेला आहे. तो दारिद्र्याचा प्रश्न नव्हे. भाडे देण्याची ऐपत असलेल्यालाही तो सुटत नाही. तो केवळ दयेचाही प्रश्न नव्हे. त्या सतरा घरांतील बहुतेक मालक त्याच्याशी अत्यंत सहानुभूतीने बोलले. सहानुभूतीने पायरी सपाट होत नाही, हेच काय ते खरे.

तेव्हा प्रथम पायरीचाच हिशेब मांडू. आपल्याकडे पाऊस जोराचा, रस्त्यावर पाणी तुंबण्याची भीती, म्हणून इमारतीचे जोते उंच घेण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. जोते दीड फूट, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असले, तर प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या होतात. धडधाकट माणूस त्या चढतो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी मान्य झालेला उतार मात्र एकास बारा असा आहे. म्हणजे १ सेंटिमीटर चढण्यास १२ सेंटिमीटर लांबी. ह्या हिशेबाने ४५ सेंटिमीटरसाठी ५.४ मीटर, म्हणजे जवळजवळ अठरा फूट लांबीचा उतार लागतो. याहून चढण तीव्र ठेवली तर खुर्चीत बसलेल्याला ती स्वतःच्या हातांनी चढवत नाही आणि उतरताना तोल जाण्याचा धोका असतो. अनेक ठिकाणी दुचाकी चढविण्यासाठी पायऱ्यांवर सिमेंटची जी घसरगुंडी ओतलेली असते, तिलाच 'रॅम्प' म्हणून दाखविले जाते. ती ह्या कामी सर्वथा निरुपयोगी आहे. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी आणि खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची जागा असावी, असे केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. आपल्या सदनिकांत मुख्य दार पुष्कळदा ह्या मापाला उतरते. पण न्हाणीघराचे व संडासाचे दार घराच्या सर्व दारांत अरुंद, आणि त्यातच पाणी बाहेर येऊ नये म्हणून खाली दगडी उंबरठा! ज्या दारातून दिवसाकाठी अनेकदा गेल्यावाचून कोणाचेही चालत नाही, तेच दार आपण सर्वांत लहान ठेवतो.

हे झाले दगडविटांचे. परंतु ह्या प्रश्नाची खरी गाठ दगडविटांत नसून जबाबदारीच्या वाटणीत आहे. स्वतःचे घर विकत घेणारा माणूस निदान आपल्या घरातील दार रुंद करून घेऊ शकतो आणि सभासद ह्या नात्याने सोसायटीच्या सभेत उभा राहून पायऱ्यांविषयी भांडू शकतो. भाडेकरूची स्थिती याहून निराळी आहे. सदनिका घरमालकाची, पण पायऱ्या, लिफ्ट व आवार सोसायटीचे. घरमालक म्हणतो, "माझी हरकत नाही, पण पायऱ्या माझ्या नाहीत." सोसायटी म्हणते, "तुम्ही आमचे सभासद नाही. आम्ही तुमच्याशी बोलणार नाही." भाडेकरूला सभेत मत नाही, आणि त्याचा करार सामान्यतः अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांसाठी कोण न्हाणीघर फोडील, आणि कोणता मालक त्याला ते फोडू देईल? अशा रीतीने तिघांपैकी ज्याच्यापाशी गरज आहे त्याच्यापाशी अधिकार नाही, आणि ज्याच्यापाशी अधिकार आहे त्याला गरज भासत नाही. ह्या त्रिकोणात कोणीही दुष्ट नाही आणि तरीही माणूस बाहेरच राहतो.

'भाडेकरूशी आमचा संबंध नाही' ही सोसायट्यांची भूमिका तर मुळातच टिकणारी नाही. सभासदाने आपली सदनिका भाड्याने दिली की, सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी शुल्क वसूल करते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत ते घेण्याची मुभा महाराष्ट्रात आहे. म्हणजे भाडेकरू येण्याचे उत्पन्न सोसायटीच्या खात्यात जमा होते. ज्याच्या येण्यावर आपण शुल्क घेतो, त्याच्या आत येण्याच्या वाटेशी आपला संबंध नाही, असे म्हणणे हिशेबाच्या वहीलाही पटणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ च्या कायद्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाने अपंग व्यक्तीला समाजात, चारचौघांमध्ये राहण्याचा हक्क दिला आहे. तिने अमुक ठिकाणीच राहावे अशी सक्ती करता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. सुलभतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी अथवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे चव्वेचाळिसावे कलम सांगते. 'खाजगी आस्थापना' ह्या संज्ञेच्या व्याख्येत कंपनीप्रमाणेच सहकारी संस्थेचाही उल्लेख आहे. इथपर्यंत सर्व उत्तम. परंतु अस्तित्वात असलेल्या इमारती सुलभ करण्याचे बंधन पंचेचाळिसाव्या कलमाने घातले आहे ते केवळ 'सार्वजनिक इमारतीं'वर. आणि त्या संज्ञेच्या व्याख्येत शाळा, कार्यालये, दुकाने, देवस्थाने, रुग्णालये, न्यायालये, रेल्वे स्थानके, विमानतळ हे सारे येते, पण माणसाचे घर येत नाही. नवीन बांधकामाला लागू व्हावयाचे नियम केवळ शिफारशीवजा आहेत, हे तर सर्वोच्च न्यायालयानेच २०२४ मध्ये दाखवून दिले. सक्तीचे नियम निराळे काढण्यासाठी न्यायालयाने दिलेली तीन महिन्यांची मुदत केव्हाच उलटली आहे. आणि ते नियम कितीही कडक झाले तरी ते मुख्यतः उद्याच्या इमारतींना लागतील. भाडेकरू मात्र घर शोधतो ते काल-परवा बांधलेल्या इमारतींत. ज्या इमारतींत भाड्याची बहुसंख्य घरे आहेत, नेमक्या त्याच कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या आहेत.

परिणाम मोठा विलक्षण झाला आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांत लिफ्ट आहेत आणि खुर्ची थेट गाडीत नेता येते. मोठ्या कंपन्यांच्या नव्या कचेऱ्यांत उतार आहेत, रुंद दारे आहेत, निराळी स्वच्छतागृहे आहेत. अपंग माणसाने शिकावे, काम करावे, प्रवास करावा, खरेदी करावी, याची व्यवस्था हळूहळू का होईना, होत आहे. फक्त संध्याकाळी त्याने परतावे कोठे, याचा विचार कोणी केलेला नाही. घर ही खाजगी बाब आहे, हे खरे; परंतु ज्याला घर नाही त्याचे सार्वजनिक जीवनही दाराशीच संपते.

इतर देशांनी ह्या त्रिकोणातून वाट काढली आहे. अमेरिकेने १९८८ साली आपल्या गृहनिर्माणविषयक समानतेच्या कायद्यात दुरुस्ती केली. तीनुसार मार्च १९९१ नंतर प्रथम वापरात आलेल्या, चार वा अधिक घरांच्या इमारतींना सुलभतेची किमान मापे लागू झाली. लिफ्ट असेल तर सर्व घरांना, नसेल तर तळमजल्यावरील घरांना. याहूनही महत्त्वाची तरतूद भाडेकरूसाठी आहे. तेथील अपंग भाडेकरू स्वतःच्या खर्चाने घरात वाजवी फेरफार करून घेऊ शकतो. मालकाला ते नाकारता येत नाहीत. मात्र जेथे वाजवी असेल तेथे, घर सोडताना आतील फेरफार काढून पूर्वस्थिती करून द्यावी, अशी अट मालक घालू शकतो. किती साधी तडजोड आहे ही! मालकाची मालमत्ता सुरक्षित, भाडेकरूची गरज पूर्ण, सरकारी तिजोरीला तोशीस नाही. इंग्लंडने १९९९ पासून आपल्या इमारतविषयक नियमांचा हा भाग नव्या घरांना लागू केला. घरात राहणारा अपंग नसला तरी भेटीस येणारा पाहुणा असू शकेल, एवढ्याच विचाराने दारापर्यंतची वाट आणि प्रवेशाच्या मजल्यावरील शौचालय यांची मापे ठरविली गेली. पाहुण्याचे कौतुक करण्यात आम्ही मराठी माणसे स्वतःला कोणापेक्षा कमी समजत नाही. मग पाहुण्याच्या पायांचा विचार तेवढा आम्हांला का सुचू नये?

सोसायट्यांच्या अडचणी आम्हांला दिसत नाहीत असे नव्हे. दादर-गिरगावातील किंवा पुण्याच्या पेठांतील अनेक इमारतींना अठरा फूट उताराला जागाच नाही. चार मजले आणि लिफ्ट नाही, अशा इमारतीत वरच्या मजल्याचे घर सुलभ करणे जवळजवळ अशक्य आहे. सेवानिवृत्तांची वस्ती असलेल्या छोट्या सोसायटीला प्रत्येक खर्च जड जातो. हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो. जेथे जागा आहे, पैसा आहे, खर्च करणाराही पुढे आला आहे, तेथे नकार का येतो? कारण 'एकाने मागितले म्हणून दिले तर उद्या दहा जण मागतील' ही भीती. आमच्या मते ह्या भीतीतच तिचे उत्तर आहे. उद्या दहा जण मागतील हे अगदी खरे. आणि त्या दहांत आज नकार देणारे कार्यकारिणीचे सभासदही असतील.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ५४ लाखांचे अपंगत्व हालचालींचे होते. महाराष्ट्रातील एकूण अपंगांची नोंद सुमारे २९ लाख ६३ हजार इतकी होती. पण ह्या आकड्यांत गुडघे निकामी झालेली आजी नाही, पक्षाघातातून उठलेले काका नाहीत, पाय मोडून तीन महिने अंथरुणावर असलेला तरुण नाही, बाबागाडी ढकलणारी आई नाही. आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या ओळखीत अशी एखादी वृद्धा असेल, की जी तिसऱ्या मजल्यावरून गेली दोन-तीन वर्षे खाली उतरलेली नाही. रस्ता तिला गॅलरीतून दिसतो, देवळाची घंटा ऐकू येते, परंतु डॉक्टरकडे जावयाचे तर दोन माणसे बोलावून खुर्चीत बसवून उचलून न्यावे लागते. तिला कोणी अपंग म्हणत नाही. 'आता वय झाले' एवढेच म्हणतात. वयाने येते त्याला आपण नियतीचे नाव देतो आणि अपघाताने येते त्याला दुर्दैवाचे. पायरीला मात्र कोणीच नाव ठेवत नाही.

मग करावयाचे काय? राज्य सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांच्या कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत झाले. ह्या विभागाने सहकार व नगरविकास ह्या खात्यांना बरोबर घेऊन दोन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली ही की, सभासद असो वा भाडेकरू, स्वतःच्या खर्चाने आणि तज्ज्ञाच्या आराखड्यानुसार उतार, कठडा अथवा उचलयंत्र बसवू इच्छिणाऱ्या अपंग रहिवाशाला सोसायटीने सबळ व लेखी कारणाशिवाय नकार देऊ नये, असा स्पष्ट उपविधी असावा. कारण लेखी द्यावयाचे म्हटले की निम्मी कारणे आपोआप नाहीशी होतात, हा शाळेत आणि वृत्तपत्रात आम्ही घेतलेला अनुभव आहे. दुसरी गोष्ट पुनर्विकासाची. आज मुंबई-पुण्यात जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे. जोते, लिफ्टचे दार, न्हाणीघराची चौकट ही सर्व ह्याच वेळी कागदावर ठरतात. कागदावर एक रेघ सरकविण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. इमारत उभी राहिल्यावर तीच भिंत सरकविणे महाग आणि पुष्कळदा अशक्य होते. ही संधी गेली की पुढील पन्नास वर्षे त्याच पायऱ्या राहतील.

परंतु सर्वच गोष्टी सरकारवर ढकलण्याची आम्हांला सवय लागली आहे, ती येथे कामाची नाही. घर भाड्याने देणाऱ्यांनी आणि दलालांनी जाहिरातीत भाडे व अनामत यांच्या जोडीला चार गोष्टी लिहावयास काय हरकत आहे? रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, लिफ्टच्या दाराची रुंदी किती, न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी किती, आणि आत उंबरठा आहे की नाही. मोजमापाला एक टेप आणि दहा मिनिटे लागतात. एवढ्याने नवीन घर निर्माण होणार नाही, हे खरे. पण जे घर सुदैवाने योग्य आहे ते ज्याला हवे त्याला सापडेल, आणि नऊ घरे रस्त्यावरून पाहून परतण्याचा अपमान तरी टळेल. शिवाय प्रश्न वारंवार विचारला गेला की उत्तर देणाऱ्यालाही आपल्या दाराकडे पाहावेसे वाटू लागते.

आमचे बहुसंख्य वाचक कोठल्या ना कोठल्या सोसायटीचे सभासद आहेत. पुष्कळांनी अध्यक्ष अथवा चिटणीस म्हणूनही काम केले आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकामावर, पाण्याच्या टाकीवर, मोटारी लावण्याच्या जागेवर तासन् तास चर्चा होते, आणि ते सर्व विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्यावा, अशी त्यांना आमची विनंती आहे. आपल्या इमारतीत रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत चाकाची खुर्ची एकट्याने येऊ शकते काय, आणि येत नसेल तर कोठे अडते? सभेला जाण्यापूर्वी प्रत्येकाने फाटकापासून आपल्या दारापर्यंत एकदा सावकाश चालत यावे आणि पायऱ्या मोजाव्यात. वर्षानुवर्षे चढूनही त्या किती आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. आमच्या त्या विद्यार्थ्याला मात्र सतरा इमारतींच्या पायऱ्या पाठ आहेत. शिक्षक असताना आम्ही त्याला पाढे पाठ करावयास लावले होते. हा पाढा त्याला आपण सर्वांनी मिळून शिकविला, आणि तो त्याच्याकडून विसरविण्याचे कामही आता आपलेच आहे.